डावा जोडा

उस्तादांकडे मोटार नेली की ते आधी मोटारीकडे बघतच नसत. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, एका निंबाच्या झाडाखाली त्यांचं पत्र्याचं छप्पर होतं. मोटार येऊन थांबली की ते हातातली चामडं टोचायची आरी खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि चालवणाऱ्याला म्हणत, "डावा जोडा काढा." मग समोर वकील असो, जिनिंगवाला शेठ असो, नाहीतर खुद्द तहसीलदार असो. जोडा हातात आला की तो उलटा करून ते तळावरून अंगठा फिरवत आणि क्लचला काय झालंय ते तिथेच सांगून टाकत. बॉनेट उघडायचं ते त्यानंतर.

लोकांना ही जादू वाटे. जादूबिदू काही नव्हती. मोटार चालवताना ज्याला क्लचच्या पेडलवर उगाच पाय टेकवून ठेवायची सवय असते, त्याच्या डाव्या जोड्याचा तळ पंजाखाली घासून गुळगुळीत होतो. उस्ताद तो डाग वाचत. "तुमी बंडीच्या मांगं लय फिरता वाटते," असं ते एका शेठजींना म्हणाले, तेव्हा शेठजी चक्रावलेच. कापसाच्या हंगामात आमच्या वऱ्हाडातले रस्ते बंड्यांनी, म्हणजे बैलगाड्यांनी, भरून जात. बंडी बैलाच्या चालीने चालणार, मागची मोटार तिच्या मागे अर्धा क्लच दाबून खुरडत राहणार आणि संध्याकाळी जळक्या चामड्याचा वास येणार. उस्तादांचा हंगाम कापसाबरोबर सुरू व्हायचा आणि कापसाबरोबरच संपायचा.

चामड्याचा वास का, ते आजच्या लोकांना सांगायला हवं. त्या काळच्या पुष्कळ मोटारींचा क्लच म्हणजे चामड्याचा पट्टा चढवलेलं, एका बाजूला निमुळतं होत गेलेलं चाक असे. ते इंजिनाच्या चाकात घट्ट रुतून बसलं की मोटार पुढे जायची. आता हे चामडं बदलायचं कोणी? लोहाराला चामडं कळत नव्हतं आणि मोटारवाल्यांना तर मुळीच नाही. उस्तादांचं घराणं जीनसाजांचं, म्हणजे घोड्यांची खोगिरं आणि बग्ग्यांचे साज शिवणाऱ्यांचं. घोडे कमी झाले, मोटारी आल्या आणि कोणीतरी एक जळका क्लच उस्तादांपुढे आणून टाकला. त्यांनी तो हुंगला, बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "हे तर आपलंच काम आहे." बस, तिथून ते क्लचचे उस्ताद झाले.

त्यांची औषधं दोनच होती. चामडं वाळून कडक झालं आणि मोटार धक्के देत निघू लागली, तर एरंडेल. चामडं तेलकट होऊन घसरू लागलं, तर मुलतानी माती. ती बायका केसांना लावतात तीच. दोन्हींचे डबे फळीवर शेजारी शेजारी असत. या दोन डब्यांवर त्यांनी निम्म्या वऱ्हाडाच्या मोटारी चालत्या ठेवल्या, असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती फार नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. कोणी चुकूनही तुटका जोडा शिवायला आणला की उस्तादांचा पारा चढे. "मी जीनसाज आहे! जोडे शिवत नसतो!" असे कडाडत ते, की माणूस जोडा काखेत मारून पळे. एका मोठ्या अंमलदारालाही त्यांनी असंच परतवून लावलं होतं. हे लक्षात ठेवा, याचं काम पुढे आहे.

आता माझं सांगतो. लहानपणी मला एक ताप आला. तो गेला, पण जाताना डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. पाय बारीक राहिला आणि दीड इंच आखूडही. डॉक्टर झालो, अमरावतीत दवाखाना टाकला, तरी गावात माझी ओळख "लंगडे डॉक्टर" हीच. समोर कोणी म्हणत नसे, पण मला ऐकू येई. आणि मी, काय सांगू, भयंकर तापट होतो. पहिले बरे पैसे हाती आले तशी विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाची जुनी लाल मोटार मी घेतली. दोनच माणसांची, बुटकी, शर्यतीच्या घाटाची. आवाज असा की अर्ध्या मैलावरून कळावं. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, कपाळाला हात लावून म्हणाले, "डॉक्टरला अशी मोटार कशाला रे?" मी काहीबाही उत्तर दिलं. खरं उत्तर असं, की लोकांनी माझ्या पायाआधी मोटारीकडे बघावं.

लोकांनी मोटारीकडे बघितलंही. पण तिचा क्लच काही टिकेना. दीड महिन्यात जळे. अमरावतीत तीन वेळा चामडं बदललं, तीनही वेळा जळालं. नेमकं त्याच वेळी मेळघाटातलं काम पुढे आलं. धारणीला आठवड्यातून एक दिवस दवाखाना चालवायचा होता. तिकडच्या कोरकू आदिवासींच्या वस्त्यांना तेव्हा डॉक्टरचं तोंडही दिसत नसे आणि मला ते काम जिवापाड हवं होतं. ज्या समितीच्या हातात ते होतं, तिचे अध्यक्ष एक वयस्क डॉक्टर होते, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. त्यांनी माझ्या पायाकडे सरळ बघून विचारलं, "घाट चढून जायचाय दर आठवड्याला. जमेल?" मी म्हणालो, "जमेल." ते म्हणाले, "मग महिनाभराने मी तुमच्या शेजारी बसून येतो. मोटार वर पोचली तर काम तुमचं." दादा म्हणाले, "ड्रायव्हर ठेव." दोन जागांच्या मोटारीत ड्रायव्हर ठेवला तर औषधांची पेटी काय डोक्यावर घेऊ? पण खरी गोष्ट ती नव्हतीच. मला कोणाच्या शेजारी बसून जायचं नव्हतं.

कोणीतरी उस्तादांचं नाव सांगितलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा छपराखाली चार-सहा लोक चहा पीत बसले होते. उस्तादांनी आरी खाली ठेवली, चष्मा वर केला. "डावा जोडा काढा."

माझ्या डाव्या जोड्याला दीड इंचाचा लाकडी तळ होता. तो जोडा मी घरच्या माणसांसमोरसुद्धा काढत नसे. मला वाटलं, या माणसाला कोणीतरी आधीच सांगून ठेवलंय आणि हे सगळे माझी मजा बघायला बसलेत. डोकं असं तापलं म्हणता! "मोटार दुरुस्त करता येत नसेल तर तसं सांगा," असं ओरडून मी मोटार वळवली आणि निघालो. मागून उस्ताद एवढंच म्हणाले, "मर्जी तुमची साहेब."

बोरगावच्या अलीकडे मोटार धक्के देऊ लागली. निदान माझ्या तेव्हाच्या डोक्याला ते धक्के वाटले. उस्ताद क्लचला एरंडेल देतात हे मी ऐकून होतो. एरंडेलाची बाटली तर माझ्या पेटीतच. म्हटलं, डॉक्टर कोण आहे इथे? खालची झडप उघडून मी क्लचला चांगला जबरदस्त डोस दिला. मुलांना देतो त्याच्या चौपट. मोटार सुरू केली. इंजिनाने अशी डरकाळी फोडली की शेतातली पाखरं उडाली. मोटार मात्र जागची हलली नाही. आणखी दाबलं, आणखी डरकाळी. चाकं तिथल्या तिथे.

समोरून कापसाच्या बंड्या अकोल्याच्या बाजाराला निघाल्या होत्या. एकेक बंडी माझ्या ठप्प उभ्या शर्यतीच्या मोटारीच्या शेजारून पुढे गेली. शेवटच्या बंडीवरचा म्हातारा थांबला. "काय झालं जी डाक्टर?" मी सगळं सांगितलं, कारण लपवायला काही राहिलंच नव्हतं. तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आता मोटरले जुलाब झाला मना ना! चाला, बांधतो मांगं." आम्ही मोटार ढकलून वळवली आणि त्याने ती कासऱ्याने बंडीला बांधली. वर कापसाचा ढीग, मागे मी सुकाणू धरून. अशी माझी वरात परत जुन्या शहरात शिरली. पोरंसोरं मागे धावत होती. वाटलं, आत्ता मोर्णेत उडी घ्यावी, पण तिच्यात गुडघाभरही पाणी नव्हतं.

उस्तादांनी मोटारीचा वास घेतला आणि सगळं ओळखलं. "डाक्टरसाहेब," ते शांतपणे म्हणाले, "तुमी खोकल्याले अन् जुलाबाले एकच औषद देता का?" लोक हसले. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा. एकदम वळून ते त्या लोकांना म्हणाले, "चाला, उठा सारे. इथं काय तमाशा आहे?" सगळे गेल्यावर त्यांनी गोणपाटाचा पडदा ओढून घेतला आणि माझ्यासमोर खाली बसले. आता जोडा काढायला त्यांनी सांगितलं नाही. मीच काढला.

त्यांनी जोडा हातात घेतला. वजन करून पाहिलं, उलटा केला, लाकडावर नखाने टकटक केलं. "हे कोनं बनोलं?" मी सांगितलं, नागपूरला मुद्दाम करून घेतला आहे. "लाकूड! अरे बाप्पा! घोड्याच्या पायालेबी कोनी लाकूड बांधत नाई." मग माझ्या पायाला हात लावून म्हणाले, "डाक्टर, पाय चांगला आहे तुमचा. जोडा जड आहे. जड जोडा उचलाले जिवावर येते, मनून पाय पेडलवरच पडून राह्यते. अन् क्लच जळते. पायाचा काई कसूर नाई त्याच्यात."

पाय चांगला आहे तुमचा. अठ्ठावीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही, ती बिचारी पायाला तेल लावताना नुसती रडायची. मी त्या गोणपाटाच्या पडद्याआड लहान पोरासारखा रडलो. उस्तादांनी ते पाहिलं नसल्यासारखं केलं आणि मुलतानी मातीचा डबा काढून क्लचकडे वळले.

आठ दिवसांनी बोलावलं होतं. गेलो, तर क्लचला नवं चामडं होतं आणि बाकावर एक जोडा होता. एकच, डावा. खोगिराखाली घालतात त्या नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, थर एकावर एक बसवून त्याची उंची साधली होती आणि वर म्हशीच्या चामड्याचा तळ. हातात घेतला तर कागदासारखा हलका. टाके तेच, खोगिराचे, दुहेरी. मी म्हणालो, "उस्ताद, तुम्ही तर जोडे..." त्यांनी बोट ओठावर ठेवलं. "कोनाले सांगू नोका. सांगसान तर मी मनीन, खोटं आहे." मग म्हणाले, "तुमच्या क्लचचं चामडं अन् हा तळ एकाच कातड्यातले आहेत. जोडा घासला का मले समजते, क्लच किती घासला." त्यांच्या हयातीत मी ही गोष्ट खरंच कोणाला सांगितली नाही. आज सांगतोय, त्याबद्दल त्यांनी मला माफ करावं.

जोडा झाला, पण सवय जाईना. तेव्हा उस्तादांनी घोड्याच्या साजातलं एक घुंगरू क्लचच्या पेडलला खालून बांधलं. मोटार चालू लागली की मोकळं पेडल थरथरायचं आणि घुंगरू वाजायचं. पाय टेकला की थरथर थांबायची आणि घुंगरू गप्प व्हायचं. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर बंड्यांच्या रांगेमागून ते मला तासन् तास हिंडवत. स्वतः शेजारी डोळे मिटून बसत आणि मधूनच ओरडत, "मुकं झालं! मुकं झालं! पाय दाबा नाई तर उचला. मधात ठेवू नोका!"

हे शेवटचं वाक्य त्यांचं आयुष्यभराचं होतं. पुढे एका मुलीला पाहून आलो आणि दोन महिने होकारही कळवला नाही, नकारही नाही. उस्तादांच्या कानावर ते गेलं. "हो मना, नाई तर नाई मना. पोरीच्या बापाले मधात काहून जाळून राहिले?" त्याच संध्याकाळी मी होकाराचं पत्र टाकलं. आमच्या सौभाग्यवती आजही म्हणतात, माझं लग्न एका जीनसाजाने जमवलं.

घाटाच्या दिवशी रावसाहेब शेजारी येऊन बसले, गुडघ्यांवर काठी आडवी. परतवाड्यापासून घुंगरू वाजायला लागलं. "हे काय वाजतंय हो?" मी म्हणालो, "मोटारीची तब्येत चांगली आहे, असं सांगतंय." रावसाहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की याचा नुसता पायच नव्हे, डोकंही तपासायला हवं. अर्ध्या घाटात, ऐन चढावर, वळणातून लाकडं भरलेली बंडी समोर आली. थांबावं लागलं. आता चढावर मोटार उचलायची होती, खाली दरी, शेजारी रावसाहेब. भीतीने पाय पेडलवर जडच्या जड पडून राहिला. मोटार हळूहळू निघाली आणि तो वास आला, जळक्या चामड्याचा. घुंगरू मुकं. मला उस्तादांचं ओरडणं अगदी कानाशी ऐकू आलं. पाय उचलला, पूर्ण उचलला. मोटारीने एक हिसका दिला, रावसाहेबांची टोपी मांडीवर पडली, आणि घुंगरू वाजायला लागलं ते थेट वर पोचेपर्यंत वाजत राहिलं. वर उतरून रावसाहेबांनी टोपी झटकली. "बुधवारपासून सुरू करा," एवढंच म्हणाले.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी दर बुधवारी धारणीला गेलो आणि दर तीन-चार महिन्यांनी अकोल्याला. जोडा दाखवायचा, बोलणी खायची, चहा प्यायचा. मधल्या काळात मोटारी बदलल्या. नव्या मोटारींत चामडं नव्हतं, कसल्याशा कातळी रंगाच्या तबकड्या होत्या, त्या बंद डब्यातून येत आणि घासल्या की सरळ बदलल्या जात. उस्तादांच्या निंबाखाली मोटारी येईनाशा झाल्या. मी माझी लाल मोटार सोडली नाही. लोक म्हणत, डॉक्टरला हौस आहे. म्हणोत.

उस्तादांना दिसेनासं होत चाललं होतं. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी, डॉक्टर असून, ओळखलं नाही. ते माझा जोडा अंगठ्याने वाचत, त्यामुळे डोळे गेल्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही. कळलं तेव्हा काचबिंदू शेवटाला गेला होता, हातात काही राहिलं नव्हतं. ही चूक मी अजून स्वतःला माफ केलेली नाही.

शेवटचा गेलो तेव्हा ते आत घरात खाटेवर होते, छातीत कफ दाटलेला. मी नाडी बघायला हात धरला, तर तो सोडवून घेत म्हणाले, "ते राहू द्या. डावा जोडा काढा." मी दिला. त्यांनी अंगठा फिरवला. टाचेवर, पंजाखाली, पुन्हा टाचेवर. "टाच घासली," ते म्हणाले. "पंजा नाई घासला. आता माह्याजवळ यायचं काम नाई तुमाले." मग तळाची कड चाचपत म्हणाले, "तळ बदलाले झाला पन. ठेवा इथं. मी शिवून धाडतो."

"उस्ताद, अहो या अवस्थेत? आणि मी घरी जाऊ कसा?" "असेच जा. बिना जोड्याचे. घुंगरू ऐकत जा." उस्तादांच्या पत्नी, आमच्या चाची, दारात उभ्या होत्या, त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, ठेवा म्हणून. मी ठेवला. उघड्या डाव्या पायाने, आखूड पाय ताणून ताणून पेडल दाबत, अकोल्याहून अमरावतीला आलो. पुऱ्या रस्त्यात घुंगरू एकदाही चुकीच्या वेळी मुकं झालं नाही.

दहाव्या दिवशी मोटार स्टँडवरचा एक माणूस फडक्यात बांधलेला जोडा घेऊन आला. उस्ताद शुक्रवारी गेले होते. चाचींचा निरोप होता, की त्यांनी रोज थोडं थोडं शिवलं, कोणाला हात लावू दिला नाही. नवा तळ टाचेपासून अर्ध्यापर्यंत शिवलेला होता. दुहेरी टाके, एकाला एक लागून, कुठे वाकडा नाही. डोळे नसलेल्या माणसाने घातले होते ते. अर्ध्यावर सुई तशीच अडकलेली होती आणि दोरा लोंबत होता.

लोक म्हणाले, कोणाकडून तरी पुरा करून घ्या. मी नाही घेतला. सुई काढून ठेवली, दोऱ्याला गाठ मारली आणि बुधवारी तोच जोडा घालून धारणीला निघालो. सुटा तळ घाटभर फटफट करत होता. उस्ताद शेजारी असते तर असल्या जोड्याने मोटार चालवतो म्हणून त्यांनी मला रस्त्यातच खाली उतरवलं असतं. घुंगरू वाजत होतं आणि मी पाय पुरता उचलून, रडत रडत, घाट चढत होतो.